खजुराचा वाघ

संपादकांचं पत्र आलं, "कुवेतमधल्या नोकरीवर लिहा. तेल, वाळवंट, सोनं, शेख, काहीतरी रंगतदार येऊ द्या." अहो, तेलाशी माझा संबंध कढईपुरता! तेलवाले सगळे तिकडे मीना अब्दुल्लाला, डोक्यावर हेल्मेट घालून. मी अकरा वर्षं कुवेत शहरातल्या एका जाहिरात कंपनीच्या स्टुडिओत बसून कागदावर कागद चिकटवला. तेव्हा ज्यांना वाळवंट हवं असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. माझ्याकडे रबर सोल्यूशन आहे.

त्या रबर सोल्यूशनचा वास अजून माझ्या नाकात आहे. सायकलचं पंक्चर काढताना येतो ना, तसाच, पण सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत. एसीच्या बंद खोलीत तोच वास घोळत राहायचा. सुट्टीवर मुंबईला आलो की दोन दिवस मला चुकल्यासारखं व्हायचं. शेवटी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याच्या दुकानापाशी उगाच रेंगाळायचो. बायको म्हणायची, "लोक चाफा हुंगतात, तुम्ही हे."

आता जाहिरात कॉम्प्युटरवर होते. चुकलं की एक बटण दाबायचं, झालं. आमच्या वेळी एक जाड पांढरा बोर्ड घ्यायचा, त्यावर फिक्या निळ्या पेन्सिलीने चौकट आखायची, कारण छपाईसाठी बोर्डाचा फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याला तो निळा दिसत नाही. मग मजकुराचा ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावर उमटवून आणलेली अक्षरं, कटरने ओळीओळीने कापून बोर्डावर चिकटवायची. एक ओळ केसभर तिरकी गेली तरी पेपरात ती दारू प्यायल्यासारखी दिसते. याला म्हणायचं पेस्ट-अप. त्यावर शेवटचा हात फिरवायचा तो फिनिशिंगचा. कागदाच्या कडेची सावली, सोल्यूशनचा मळ, धुळीचा कण, कॅमेरा सगळं टिपतो. ते पांढऱ्या पोस्टर कलरने बारीक ब्रशने झाकायचं, आणि अक्षराची कड खडबडीत आली असेल तर काळ्या शाईने गुळगुळीत करायची. ही सफाई माझी खासियत. माझ्या आर्टवर्कवर माशीसुद्धा पाय पुसून बसायची, असं मीच सगळ्यांना सांगायचो.

आमचे मालक मिस्टर तौफिक लेबनॉनचे. कायम इस्त्रीतले, कायम घाईत. अरबी मंडळींना 'प' आणि इंग्रजी 'व्ही' म्हणता येत नाहीत, त्यामुळे पेस्ट-अपचं 'बेस्ट-अब' झालं होतं आणि माझं, वसंतचं, 'मिस्टर फसंत'. हे मी हौसेने बायकोला पत्रात कळवलं, तर तिने उलट टपाली विचारलं, "नक्की कोण फसलं, तुम्ही की मी?"

दर उन्हाळ्यात आमच्याकडे दोन महिन्यांसाठी ट्रेनी यायचे. इंटर्न हा शब्द तेव्हा आमच्या कानावर नव्हता. कुणी मालकांच्या मित्राचा भाचा, कुणी बँकेतल्या साहेबाची मुलगी. एकाला सोल्यूशनच्या वासाने पहिल्याच दिवशी भोवळ आली आणि त्याने दुसऱ्या दिवशी शिपिंग कंपनी गाठली. दुसरा लाइट टेबलाखाली, म्हणजे आत दिवे असलेल्या काचेच्या टेबलाखाली, झोपायचा, कारण तिथे ऊब चांगली लागते म्हणे. कुवेतमध्ये, जुलै महिन्यात! शिकवण्याचं काम माझ्या गळ्यात, आणि मी शिकवायचो, पण माझा एक नियम होता. हात चालू असताना बोलायचं नाही. एकदा मी ओळ कापत असताना ऑफिसबॉय मागून "चाय!" म्हणून ओरडला आणि माझ्या अंगठ्याला तीन टाके पडले. तेव्हापासून मी प्रत्येक ट्रेनीला पहिल्या दिवशी अंगठा दाखवायचो आणि हे वाक्य पाठ करून घ्यायचो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. जहराला कासमभाई म्हणून रत्नागिरीकडचे एक गृहस्थ होते. त्यांचा बकाला होता, म्हणजे आपल्याकडचं किराणा दुकान. कुवेतमध्ये कोकम आणि सुके बोंबील हमखास मिळणारं ते एकच ठिकाण. मी राहायचो मंगफला, इंजिनिअर आणि टेक्निशियन मंडळींच्या गराड्यात. कोकमासाठी आम्ही चारजण एका गाडीत बसून देशाच्या त्या टोकाला जायचो आणि कासमभाई आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत.

एका शुक्रवारी त्यांनी मला बाजूला घेतलं. मागे त्यांची मुलगी साबिरा उभी होती. अठरा वर्षांची, इंडियन स्कूलमधून नुकतीच बारावी झालेली.

"वसंतराव, हिच्या हातात पेन्सिल दिली की हिला भूक लागत नाय. पण चित्रं काढून पोट भरतं काय? तुमचं भरतंय, म्हणून विचारतो."

"भरतं," मी म्हणालो. "पण कधीकधी तेही चिकटवावं लागतं."

ते हसले नाहीत. म्हणाले, "दोन म्हैने तुमच्याकडं ठेवा. हिचा हात बरा हाय असं कंपनीनं कागदावर लिहून दिलं, तर मुंबईला आर्टच्या कॉलेजात घालतो. नाय तर मिरजेला लॅब टेक्निशियनचा कोर्स हाय, तिथं जागा बघून ठेवलीय. हास्पिटलातली नोकरी पक्की. ऑगस्टचं तिकीट काढलेलं हाय, जायचं तर हाय, फक्त कुठं ते तुमच्या कागदावर."

आणि साबिरा माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तो कागद खिशात घेऊनच आलोय.

ती आली ती शाळेतली फूटपट्टी पिशवीत घालून. घरी बापासारखंच बोलायची, पण ऑफिसात माझ्या मराठीला तिचं उत्तर इंग्रजीत. "येस सर, ओके सर." दोन आठवड्यांनी सोल्यूशनचा डबा लवंडला तेव्हा मात्र तोंडातून "या अल्ला, सगला सांडला!" असं निघालं आणि त्यानंतर इंग्रजी हळूहळू मागे पडलं.

काय सांगू तुम्हाला तिच्या हाताचं! दोन अक्षरांत किती जागा सोडायची हे शिकवून येत नाही. मला ते यायला सहा वर्षं लागली. ही पोरगी नुसत्या डोळ्याने सांगायची, "सर, इथे श्वास कोंडतोय." मी मोजून बघायचो आणि तिचंच बरोबर निघायचं. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही, तिला तर नाहीच.

शिवाय तिला अरबी वाचता यायचं. मशिदीतल्या उस्तादांनी लहानपणी कुराण वाचायला शिकवलं होतं, त्यामुळे अक्षर न् अक्षर ती घडाघडा वाचायची. अर्थ फारसा कळायचा नाही, दुकानात कानावर पडलेले शब्द सोडले तर. आणि मी? चार वर्षं रोज अरबी अक्षरं कापत होतो, चिकटवत होतो, आणि मला त्यातलं एक ओळखता येत नव्हतं. माझ्या लेखी ती रांगोळी होती. रांगोळीची कड साफ करायला वाचता कशाला यायला हवं, असं मी वर ऐटीत म्हणायचो.

आमच्या स्टुडिओत अरबी मथळे लिहायचे अबू नबील. पॅलेस्टिनी, साठीचे, बोटं कायम शाईने काळी. बोरू स्वतः तासायचे. छापाच्या अक्षरांना ते 'मेलेली अक्षरं' म्हणायचे. मला ते जेमतेम सहन करायचे, पण साबिराने एकदा त्यांचं लिहिलेलं वाचून दाखवलं आणि म्हातारा विरघळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्यासाठी एक बोरू तासून आणला. मला चार वर्षांत त्यांच्याकडून एक खोडरबर मिळालं नव्हतं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

तिचे दोन महिने संपायला आठवडा उरला होता आणि रमजान तोंडावर होता. जुन्या बाजारातल्या खजुराच्या एका व्यापाऱ्याची पानभर जाहिरात आली. या हाजीसाहेबांचं तरुणपण मुंबईत गेलेलं, बापाचा खजूर गलबतातून मुंबईला यायचा तेव्हा. त्यामुळे ते माझ्याशी झकास मुंबईच्या हिंदीत बोलायचे. "देखो भाई, अपने को फॅन्सी लिखाई नहीं मंगता. दुकानवाला पाटी पे कैसा लिखता है, फटाफट, वैसा मंगता. घर का माफिक."

अबू नबीलनी नाक मुरडलं, पण लिहिलं. एकच शब्द, पानाच्या निम्म्या उंचीचा: तमर. म्हणजे खजूर. खाली बारीक मजकूर, 'या रमजानात उपास सोडा तो आमच्या ताज्या...' आणि वर त्या शब्दाकडे दाखवणाऱ्या बोटाचं चित्र. हाजीसाहेबांनी बघितलं, खूश झाले, सही केली. मोठा करून ब्रोमाइड आला. साबिराने सगळं पेस्ट-अप एकटीने केलं, आणि मी शोधूनही चूक सापडली नाही.

आमची एक पद्धत होती. बोर्डाच्या मागे एक चिठ्ठी असायची, तिच्यावर तीन रकाने: कुणी लिहिलं, कुणी चिकटवलं, कुणी तपासलं. अबू नबीलनी सही केली. साबिराने आपली आद्याक्षरं टाकली, मोठ्या मानाने. तिसरा रकाना माझा.

रमजानच्या पहिल्या दिवसांत ऑफिस दोनला बंद, पेपरवाल्यांना आर्टवर्क एकच्या आत हवं. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी शेवटचा हात फिरवायला बसलो आणि मला ते दिसलं. त्या मोठ्या शब्दाच्या डोक्यावर एक टिंब होतं, पण आडवं पसरलेलं, डासाला चिरडल्यासारखं. शाई फुटली असणार. म्हातारा थकला, मी मनात म्हटलं, आता माझ्यावरच आहे. पांढरा रंग घेतला, डावीकडून खाल्लं, उजवीकडून खाल्लं, काळ्याने कड गोल केली. असं सुबक टिंब केलं म्हणता! शाळेत बाई फळ्यावर अनुस्वार द्यायच्या तसं.

साबिरा माझ्या खांद्यामागे होती. एकदम म्हणाली, "सर, नून झाला!"

मी वर न बघता म्हणालो, "कळतंय मला. हात चालू असताना बोलायचं नाही."

बारा वाजून गेले होते, ते मला घड्याळात दिसत होतं. नून, म्हणजे इंग्रजीत दुपारचे बारा, झाला हे तिने सांगायची काय गरज होती? टिंब वाळलं, वर ट्रेसिंग पेपरचं पांघरूण घातलं, बोर्ड खाकी कागदात गुंडाळला आणि ड्रायव्हरच्या हाती दिला. घाईत तिसऱ्या रकान्यात सही करायची राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हाजीसाहेब आले. हातात पेपर, उपासाने ओठ सुकलेले, चेहरा लाल. मिस्टर तौफिक त्यांच्यामागे धावत होते.

"मेरा खजूर किधर है?" ते माझ्या टेबलावर पेपर आपटून ओरडले. "पूरा मार्केट हंसता है मेरे को! बोलते हैं, हाजी, एक किलो बाघ दे दो!"

मला काही कळेना. अबू नबील उठून आले. त्यांनी चष्मा लावला, पान पाहिलं आणि मला समजावून सांगितलं, हिंदी, इंग्रजी, हातवारे, जे हाताशी येईल ते वापरून. अरबीत 'त' आणि 'न' यांचं शरीर एकच. डोक्यावर दोन टिंबं असली की त, एक असलं की न. घाईच्या, दुकानदारी लिखाईत दोन टिंबं वेगळी काढत नाहीत, बोरू न उचलता एक छोटी आडवी रेघ ओढतात. ती रेघ म्हणजे दोन टिंबं. तमर म्हणजे खजूर. रेघेचं एक टिंब झालं की ते वाचायचं निमर. निमर म्हणजे वाघ. या रमजानात उपास सोडा तो आमच्या ताज्या वाघाने.

"हा 'त' नाही," अबू नबील पेपरवर काळं बोट ठेवून म्हणाले. "हा 'न' आहे. आम्ही त्याला नून म्हणतो."

नून! अहो, ती पोरगी मला वेळ सांगत नव्हती, अक्षर सांगत होती! 'त'चा नून झाला म्हणत होती. आणि मी तिला म्हणालो होतो, कळतंय मला.

मिस्टर तौफिकनी पेपरवाल्यांकडून परत आलेला बोर्ड मागवला, उलटा केला आणि चिठ्ठी वाचली. पहिल्या रकान्यात अबू नबील, दुसऱ्यात साबिराची आद्याक्षरं, तिसरा कोरा.

"ट्रेनी," ते म्हणाले. "हात लावणारी शेवटची ट्रेनी. मिस्टर फसंत, बरोबर?"

आता ऐका. बायको आणि दोन वर्षांचा मुलगा पुढच्या महिन्यात कुवेतला यायचे होते. त्यांच्या व्हिसाचे कागद आणि माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, दोन्ही मालकांच्या टेबलावर सहीसाठी पडले होते. मालकांचा पारा चढला तर ते कागद तसेच राहिले असते. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, आणि मी तोंड उघडलं, आणि त्यातून काही निघालं नाही. फार नाही, तीन-चार सेकंद असतील. साबिरा माझ्याकडे बघत होती. मग तिने मान वळवली आणि पहिल्या दिवसासारख्या इंग्रजीत म्हणाली, "सॉरी सर. माय मिस्टेक."

"ट्रेनिंग खलास," मिस्टर तौफिक म्हणाले. "सर्टिफिकेट नाही." खलास हा शब्द अरबीत आणि मराठीत एकच आहे, भाषांतर करावं लागलं नाही.

तिने फूटपट्टी आणि बोरू पिशवीत घातला आणि ती गेली. अबू नबील बोर्ड उजेडाला धरून बराच वेळ बघत बसले. मग माझ्या टेबलावर ठेवून हळूच म्हणाले, "फेरी गुड डॉट, मिस्टर फसंत. फेरी राउंड." एवढं गोल टिंब दोन महिन्यांच्या ट्रेनीला जमत नाही हे त्यांना माहीत होतं. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले.

शुक्रवारी मी जहराला गेलो. एकटा, बस बदलून, रस्ताभर वाक्यं जुळवत. कासमभाई रोज्याचे, तरी त्यांनी माझ्यासाठी आतल्या खोलीत थंड सरबत मागवलं. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "पोरीनं सांगितलं सगलं. चूक तिची. तुमी दोन म्हैने जीव लावून शिकवलंत, आनि तिनं तुमचं नाव घालवलं. तुमाला त्वांड दाखवायची मला लाज वाटते, वसंतराव." पडद्याआड बांगड्या वाजल्या. ती तिथेच होती, ऐकत होती. मी म्हणायला हवं होतं. एक वाक्य होतं हो, चार शब्दांचं. मी सरबत प्यायलो आणि म्हणालो, "होतं असं कधीकधी." निघताना त्यांनी कोकमाची पुडी हातात कोंबली, पैसे घेतले नाहीत. ऑगस्टच्या विमानाने साबिरा गेली, मिरजेला.

आता पुढचं ऐका, म्हणजे तुम्हाला माझी खरी लायकी कळेल. ईद झाली आणि हाजीसाहेब पुन्हा आले. या खेपेला मिठाईचा खोका घेऊन! म्हणाले, सगळा बाजार महिनाभर त्यांच्या दुकानात येऊन 'वाघ' मागत होता. पोरं, म्हातारे, बायका, सगळे हसत यायचे आणि खजूर घेऊन जायचे. माल ईदच्या दहा दिवस आधीच संपला. "अब मेरे को डब्बे पे बाघ मंगता," ते म्हणाले. "खजूर खाता हुआ बाघ. बनाओ!"

मिस्टर तौफिक टाळ्या पिटत स्टुडिओत आले. "ही आयडिया मुळात कुणाची? ते टिंब कुणी काढलं?"

आणि आता मात्र माझं तोंड उघडलं. "मी," म्हणालो. "ते टिंब माझं होतं. त्या मुलीची काही चूक नव्हती." शपथेवर सांगतो, मला तिचं नाव साफ करायचं होतं. पण मालकांनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. त्यांनी मला मिठी मारली. महिनाभरात मी स्टुडिओ हेड झालो, काचेची केबिन मिळाली. चूक होती तोवर ती साबिराची होती, आणि हुशारी ठरली तशी माझी झाली. अबू नबीलनी मिठाई घेतली नाही, दात दुखतो म्हणाले.

सर्टिफिकेट मात्र मी करून घेतलं. स्वतः टाइप केलं, मालकांची सही घेतली, कंपनीचा शिक्का मारला आणि जहराला घेऊन गेलो. कासमभाईंना सगळं सांगितलंही, टिंबापासून. त्यांनी ऐकून घेतलं. कागद दोन्ही हातांनी धरून वाचला, घडी केली आणि गल्ल्याखाली ठेवला. "कोर्स सुरू झाला, वसंतराव," एवढंच म्हणाले. "फी भरलीय." चहा आला. त्यानंतर मी कोकमाला दुसऱ्यांना पाठवू लागलो.

खजूर खाणारा वाघ पुढे बरीच वर्षं डब्यावर होता. माझ्या हातचं सगळ्यात जास्त छापलं गेलेलं चित्र तेच. सुट्टीवर जाताना लोक माझ्यादेखत ते डबे बॅगेत भरायचे आणि मुलगा अभिमानाने सांगायचा, "माय डॅड ड्रू धिस." मी विषय बदलायचो.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. पन्नाशी जवळ आली, चक्कर यायला लागली, तेव्हा आमच्या मराठी डॉक्टरांनी रक्त तपासायला सरकारी दवाखान्यात धाडलं. नंबर लागला, आत गेलो. पांढरा कोट, डोक्याला रुमाल, ट्रेमध्ये काचेच्या नळ्या एका रेषेत. इतक्या सरळ रेषेत, की माझं लक्ष आधी तिकडेच गेलं. प्रत्येक नळीवर चिकटवलेलं लेबल, हाताने लिहिलेलं, अक्षरांत नेमकी जागा सोडलेली. मग मी वर बघितलं.

"बसा, सर," साबिरा म्हणाली. तिने मला यादीतल्या नावावरूनच ओळखलं होतं. "बाही वर करा."

काय बोलावं? "बरी आहेस?" म्हणालो. "बरी आहे. कोर्स संपवून परत आले. दोन मुलं आहेत. अब्बा गावी गेले." आवाज साधा, कामातला. तिने दंडाला पट्टा बांधला, बोटाने शीर शोधली. सुई आत गेली. मला वाटलं, हीच वेळ, आता नाही बोललो तर कधीच नाही.

"साबिरा, त्या दिवशी ते टिंब..."

"सर," ती नळीवरची नजर न काढता म्हणाली, "हात चालू असताना बोलायचं नाही."

नळी भरेपर्यंत मी अंगठ्यावरच्या त्या जुन्या टाक्यांकडे बघत राहिलो. तिने सुई काढली, कापूस दाबला, माझा हात कोपरात दुमडला. नळीवर लेबल चिकटवलं आणि कड नखाने दाबून घेतली, मी शिकवलं होतं तशी.

"आता बोला."

मी बोललो. नून, घड्याळ, बायकोचा व्हिसा, कोरा रकाना, सगळं. ऐकायला फार वेळ लागला नाही. म्हणालो, "तू तेव्हा मालकांना का नाही सांगितलंस? तुला तर सगळं माहीत होतं. माझ्यावर का नाही ढकललंस?"

"मी गेले तर काय बिघडणार होतं, मी ट्रेनी होते," ती म्हणाली. मग पेन खिशाला लावलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "आणि मी थांबले होते ना, सर. ऑफिसात थांबले, मग घरी पडद्याआडही थांबले. मला वाटलं, तुम्ही बोलाल."

रिपोर्ट गुरुवारी मिळेल, असं तिने सांगितलं, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.